हात दाखवून रस्ता

चौपाटीसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर एक वयस्कर जोडपं ताटकळत उभं होतं. दिव्यातला हिरवा माणूस चालत होता, गाड्या मात्र थांबत नव्हत्या.

"लातूरहून समुद्र बघायला आलोय. पलीकडं जायचं कसं हो?" काकांनी मला विचारलं.

"हात दाखवायचा आणि चालायला लागायचं," मी सराईतपणे म्हणाले आणि त्यांच्याबरोबर निघाले.

काकांनी बिचकत हात वर केला. एका मोटारवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, खिडकीतून शिवी हासडली आणि आम्ही बाजूला होताच तो भरधाव निघून गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग हे पांढरे पट्टे रंगवलेत कुणासाठी? चालणाऱ्यानं आपल्या हक्काच्या जागेत भीक मागितल्यासारखा हात पुढे करायचा, आणि या लाचारीला आम्ही मुंबईत वावरायची अक्कल म्हणायचं! वर पाहुण्यांनाही तीच शिकवायची!

पलीकडे पोचल्यावर काकूंनी समुद्राकडे पाहिलंच नाही. त्या मागे वळल्या आणि त्या गाडीच्या दिशेनं त्यांनी हात जोडले.

"काकू, शिवी दिली त्यानं!"

"दिली गं. पण थांबला ना बिचारा."