सोवळ्याचा ड्रम

आमच्या डोंबिवलीच्या घरात निर्माल्य खाडीत सोडायचं खातं सासऱ्यांकडे होतं. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, आणि निवृत्त झाले तरी शिकवायचं काही सुटलं नाही. चहाचा कप हातात आला की सुरू, "हे पाणी कितव्यांदा ढगातून आलंय कोण जाणे. खाडीतलं वर जातं, मीठ खालीच ठेवतं, डोंगरावर पडतं आणि फिरून आपल्याच नळाला येतं. जाईल कुठे?" हे 'जाईल कुठे' ते हरवलेल्या छत्रीलाही लावायचे. छत्री मात्र कधी आली नाही.

मग बाबा गेले. देवाची फुलं पिशवीत साठायला लागली, आणि त्यांत आता बाबांच्या फोटोवरचा हारही. सासूबाईंच्या गुडघ्यांना खाडीपर्यंतची वाट झेपत नाही. आणि मला प्लॅस्टिकच्या पिशवीसकट देव पाण्यात भिरकावणाऱ्यांच्यात उभं राहायचं नव्हतं. गच्चीवर माझा ओल्या कचऱ्याचा ड्रम होताच. म्हटलं, "आई, खत करू."

"यांचा हार कांद्याच्या सालींत?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या. त्या दिवशी धड जेवल्याही नाहीत. मला आधी राग आला, मग वाईट वाटलं. हार कचऱ्यात म्हणजे माणूसच कचऱ्यात, असं त्यांना वाटत होतं, आणि हे माझ्या टाळक्यात जरा उशिराच शिरलं.

तोडगा म्हणून दुसरा ड्रम आणला. हा सोवळ्याचा. कांदा-लसूण वर्ज्य, अंघोळीशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, वर कुंकवाचं स्वस्तिक. नवरा हसला तर त्यालाही बोलणी बसली. सासूबाई रोज काठी टेकत वर जायच्या, फुलं टाकायच्या, हात जोडून खाली यायच्या.

आणि त्या पवित्र ड्रममध्ये काही म्हणजे काही होईना. महिने गेले, फुलं नुसती वाळून कुरकुरीत. हार होता तसाच. शेजारच्या ओवळ्या ड्रममध्ये मात्र काळंभोर, भुसभुशीत खत. एक दिवस सासूबाई झाकण धरून तशाच उभ्या राहिल्या. "यांचं मध्येच अडकलं गं," म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला.

मला रडू यायला लागलं की मी चिडते. म्हटलं, "अडकणार नाही तर काय? आत पाण्याचा थेंब नाही, जीवजंतू नाही. नुसतं दूध ठेवलं तर दही लागतं का? विरजण नको? तुमच्या सोवळ्यात किड्यामुंगीला यायची परवानगीच नाही." विरजण कुठून आणायचं ते मी बोलले नाही. ते हातभर अंतरावर होतं, कांद्यालसणासकट.

त्यांनी झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून जरा उशिरानेच खाली आल्या, तर नखं काळी. मी बघतच राहिले.

"बघतेस काय? विरजण लावलं," म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

वर जाऊन पाहिलं तर हारावर माझ्या ड्रममधलं खत पसरलेलं, त्यावर पाणी शिंपडलेलं, आणि सगळ्यात वर एक कांद्याचं साल. मी ते तिथेच राहू दिलं. पुढे त्या तांदूळ धुतलेलं पाणीही न चुकता ड्रमसाठी घेऊन जायला लागल्या. थोड्या दिवसांनी आत हात घातला तर चांगलं कोमट लागलं, आणि मग हळूहळू हार कुठला, माती कुठली, कळेनासं झालं.

ती माती त्यांनी स्वतः मोगऱ्याच्या कुंडीत घातली. उन्हाळ्यात पहिलं फूल आलं. पहिलं फूल देवाला, हा आमच्या घरचा नियम, म्हणून मी ताम्हन पुढे केलं. सासूबाई देवघर ओलांडून सरळ बाबांच्या फोटोपाशी गेल्या.

"घ्या," म्हणाल्या. "तुमचाच हार आहे, फिरून आलाय. कांद्याचं तेवढं मनावर घेऊ नका."