कारखान्याला जाणाऱ्यांचं गणित
आमच्या शाळेत वर्षातून एकदा हेडमास्तर वर्गावर येऊन विचारायचे, "कारखान्याला जाणाऱ्यांची लेकरं कोणकोण? उभी राहा." कारखान्याला जाणं म्हणजे आमच्याकडं ऊस तोडायला जाणं. दिवाळीच्या आगंमागं आईबाप कोयते घेऊन लांबच्या जिल्ह्यांत निघायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे, आणि मागं राहणारी आम्ही पोरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात. उभं राहिलं की नाव लागायचं आणि दोन वेळची खिचडी पक्की व्हायची. त्यामुळं आम्ही असे टुणकन उठायचो की बाकं कलंडायची. ज्यांचे आईबाप कुठंच जात नव्हते अशी एकदोन बेरकी पोरंही उठायची.

नववीला हेडमास्तर जूनमध्येच आले. दुष्काळाचं साल होतं, टँकर आला तर आला. आम्हाला वाटलं, यंदा वसतिगृह लवकर उघडायलेत. अर्धा वर्ग उठला. हेडमास्तर म्हणाले, "छान. आता दप्तरं घ्या आणि शेजारच्या खोलीत बसा. तुम्हाला सामान्य गणित."

तेव्हा नववी-दहावीला दोन गणितं होती. एक बीजगणित-भूमितीचं, दुसरं सामान्य, म्हणजे सोपं. ज्याला गणित झेपत नाही त्यानं सामान्य घ्यावं, असा त्यातला अर्थ. कुणाला झेपतं ते बघायला आमचे आठवीचे पेपर तरी उघडायचे! ते नाही, बाप कोयता धरतो का, एवढंच बघितलं. गणितात मी वर्गात पहिली होते. अंबाजोगाईला सायन्सला जायचं, एवढं एकच खूळ माझ्या डोक्यात होतं, आणि सामान्य गणितवाल्यांना सायन्सचं दार बंद असतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी हेडमास्तरांना व्हरांड्यातच गाठलं. "सर, मला बीजगणित येतं."

"आज येतंय. दिवाळीनंतर आईबाप फडात गेले की तुमचं अर्धं ध्यान तिकडं. नापास झालीस तर निकालाला कोण जबाबदार, तू?"

निकालाची गोम अशी होती की शाळेचे अध्यक्ष तेच सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. पाऊसच नाही, तालुक्यात ऊस उरला नव्हता, कारखान्याचं धुराडं थंड पडलेलं. साहेबांना मिरवायला शाळेचा निकाल तेवढा राहिला होता आणि तो शंभर टक्केच पाहिजे होता. त्यासाठी आमचा बळी. मेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, पण आम्ही मेलो कुठं होतो?

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं विचारलं, "दोन्हीत सोपं कोणतं हाय?"

"हेच."

"मग देवच पावला की! रडायलीस कावून?"

कप्पाळ माझं. तिला काय सांगणार? शाळा म्हणते ते भल्याचंच असणार, असं धरून चालणारी बाई ती.

दोन वर्षं त्या खोलीत काढली. दोन नळ मिळून टाकी किती वेळात भरतील, हे पहिलं उदाहरण फळ्यावर आलं तेव्हा अख्खा वर्ग खो खो हसला. आमच्यापैकी कुणाच्या घरी नळ नव्हता आणि गावच्या टाकीत पाली फिरत होत्या. मला हसूही येईना. मधे भिंतीऐवजी नुसता पत्रा होता. पलीकडं बीजगणिताचा तास चालायचा, सर प्रश्न विचारायचे, तिकडं सगळे चिडीचूप, आणि इकडं माझा जीव नुसता तळमळायचा. एकदा मला राहवलंच नाही. मी पत्र्यावरून उत्तर ओरडले.

पलीकडून सर म्हणाले, "बरोबर!" मला वाटलं, आता येतील, हात धरून घेऊन जातील. पण ते आपल्या वर्गाला म्हणाले, "लाजा वाटू द्या जरा, सामान्यवालीला येतंय." आणि पुढचं उदाहरण घेतलं. हेडमास्तरांपेक्षा त्या सरांचा राग मला आजही जास्त येतो.

निकाल शंभर टक्के लागला. चेअरमनसाहेबांनी मला शाल पांघरली, फेटेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सामान्य गणितात शाळेत पहिली! आई पदराला डोळे पुसत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "आता अंबाजोगाईला घालायची तिला." मला तिथंच सांगायला पाहिजे होतं. तिचं तोंड बघून मी नुसती शाल सावरत राहिले. शिवाय मनात वेडी आशा होती, एवढे मार्क बघून घेतीलही एखाद्या वेळेस.

अंबाजोगाईला कॉलेजच्या खिडकीशी आईनंच गुणपत्रिका आत सरकवली. क्लार्कनं बघितली, परत दिली. "सायन्सला नाही चालत."

"कावून? मार्क लई हायेत की, सायेब."

"मार्क चांगलेच आहेत, मावशी. पण पोरीनं गणित चुकीचं घेतलंय."

आई माझ्याकडं वळली. सगळ्या रांगेदेखत तिनं माझ्या थोबाडीत भडकावली. "चुकीचं कावून घेतलंस गं?"

क्लार्क बिचारा उठूनच उभा राहिला. "अहो मावशी, पोरीला मारता काय! आर्ट्सला जागाच जागा आहे."