अंगारकीला लाइट गेली नाही

राजूरच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अप्पारावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक्क्याऐंशी साली हसनाबादहून येऊन त्यांनी ते उघडलं. खाली दुकान, वर एक खोली आणि बायको नंदाबाई, एवढाच संसार. मूलबाळ झालं नाही. रेडिओ गेले, टीव्ही आले, पुढे टीव्हीही दुरुस्तीला येईनासे झाले. तरी अप्पाराव टेबलावरून उठले नाहीत. पन्नाशीला टेकल्यावर जालन्याहून चिपचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं आणि डिक्शनरी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचून काढलं.

"एवढं ध्यान माझ्या बोलण्याकडं दिलं असतं, तर मी बी दोन शब्द बोलले असते," नंदाबाई म्हणायच्या, आणि दिवसभर बोलतच राहायच्या.

दोन हजार चारच्या पोळ्यानंतर त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सकाळी त्यांचं सगळं आवरून अप्पाराव खाली उतरत, पण कान जिन्याकडेच. नंदाबाईंना काही हवं असेल आणि आपल्याला कळणार नाही, ही एकच धास्ती त्यांनी घेतली होती.

साधी घंटी लावून पाहिली. पण डाव्या अंगठ्यात जोर नव्हता. घंटी क्षणभर चिरकायची आणि रस्त्याच्या गोंगाटात बुडायची. मग त्यांनी चिपवर घंटी बसवली. बटणाला नुसता अंगठा लागला तरी खाली मिनिटभर वाजत राहील अशी. लाइट गेली की ती मुकी व्हायची, म्हणून लोडशेडिंग सुरू झालं की अप्पाराव हातातली झाळकामाची डागणी ठेवून वर जात आणि पंखा फिरेपर्यंत खाटेजवळ बसत. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक झालं होतं.

महिनाभराने नंदाबाईंनी बटणाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला, मग जिन्याकडे पाहिलं. अप्पारावांना उमगलं. घंटी खाली वाजते, वर काहीच ऐकू येत नाही; आपलं म्हणणं पोचलं की नाही, हे तिला कळावं कसं? त्यांनी खाटेच्या उशाशी एक छोटा हिरवा दिवा लावला. त्यासाठी चिपमधला प्रोग्रॅम बदलून लिहिला आणि जालन्यात स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासमधून चिप नव्याने भरून आणली. टेबलावर बटण दाबून पाहिलं. घंटी वाजली, दिवा लागला, मिनिटाने दोन्ही बंद झालं. ते खूश होऊन सगळं वर घेऊन गेले.

"हा दिवा लागला की समजायचं, मी निंघालो. मंग पुन्हा दाबायचं न्हाई. अंगठा दुखंल."

नंदाबाई अर्ध्या तोंडाने हसल्या.

आठ दिवस सगळं बरोबर चाललं. त्या दाबायच्याच कमी. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

मग अंगारकी आली. यात्रेसाठी त्या दिवशी राजूरची लाइट जात नसे. सकाळपासून रस्ता माणसांनी भरला, बिघडलेले दोन कर्णे दुकानात येऊन पडले. दहाला घंटी वाजली. अप्पारावांनी वर जाऊन पाणी पाजलं, कूस बदलून दिली. त्यानंतर घंटी वाजली नाही आणि लाइटही गेली नाही. आज तिला बरं वाटून राह्यलं, असं मनाशी म्हणत ते कर्ण्यात डोकं घालून बसले.

दोनच्या सुमाराला समोरच्या पुष्पाबाई नंदाबाईंसाठी भगर घेऊन वर गेल्या. जिन्यावरून त्यांनी हळूच हाक मारली, "अप्पाभाऊ, वर या."

नंदाबाईंचा अंगठा बटणावर होता. इतका घट्ट, की नखाखाली रक्त उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, दुसरा झटका मोठा होता, कुणी जवळ असतं तरी वाचल्या नसत्या. अप्पारावांनी मान हलवली. त्यांनी वाचण्याचं विचारलंच नव्हतं.

तेराव्यानंतर ते वर खाटेजवळ घंटी काढायला बसले. काढण्याआधी एकदा बटण दाबलं. दिवा लागला, मिनिटाने विझला. काही कारण नसताना त्यांनी पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही.

त्यांनी प्रोग्रॅमची वही काढली. चिपचे आठ पाय एका ओळीत. घंटीला एक, दिव्याला एक, बटणाला एक. प्रत्येकाला आधी सांगावं लागतं, तू ऐकायचं की बोलायचं. या चिपची रीत अशी, की ऐकणाऱ्या पायावर प्रोग्रॅममध्ये कायम एकचा आकडा लिहून ठेवायचा. शून्य लिहिलं की तो पाय आतूनच जखडला जातो. मग बाहेरून दाबा की सोडा, त्याला दोन्ही सारखंच. घंटी आणि दिवा एकदम बंद करायला अप्पारावांनी सबंध ओळीवर शून्य लिहिलं होतं. त्यात बटणाचा पायही गेला; घंटी एकदा वाजून थांबली की बटण बहिरं. लाइट जाऊन आली की चिप नव्याने उठते आणि सगळ्या पायांवर आपोआप एकचा आकडा येतो. आठ दिवस त्यांची चूक लोडशेडिंग झाकत होतं.

पुष्पाबाईंना त्यांनी हे सगळं सांगितलं. त्यांना पायांचं काही कळलं नाही. "मरण काय घंटी वाजवून येतं का भाऊ," त्या म्हणाल्या.

"मरण न्हाई वो. तिनं वाजवली. किती येळा वाजवली, तेवढं कळाया पाह्यजे होतं."

त्यांनी ओळ दुरुस्त केली, चिप पुन्हा भरून आणली आणि घंटी जागच्या जागी बसवली. वर जाऊन लागोपाठ वीस वेळा दाबून पाहिलं. वीसही वेळा दिवा लागला.

पुढेही लाइट गेली की अप्पाराव डागणी खाली ठेवत. गिऱ्हाईक समोर असलं तरी जिना चढून वर जात, रिकाम्या खाटेजवळ स्टूल ओढून बसत आणि पंखा फिरू लागला की खाली येत.