ताटलीतला राक्षस
लोणच्यासाठी खडेमीठ भाजायला घेतलं की त्याच्या तडतडीबरोबर मला खांदा कॉलनीतली आमची गच्ची आठवते. मी सात वर्षांची असेन. टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक सिनेमा लागला होता. नॉर्वेकडच्या लोककथेतला गायीच्या शेपटीचा, भल्यामोठ्या नाकाचा राक्षस गावभर लोणी चोरत फिरतो आणि शेवटी ऊन लागताच दगड होतो. घरातले सगळे पोट धरून हसले. मी मात्र इतकी घाबरले, की दुसऱ्या दिवशी बाथरूममध्येही एकटी जाईना. त्यावरही सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त जासई गावचे आजोबा, ज्यांचा जन्म मिठागरात गेला होता. "उन्हानं दगड झाला ना? मग ऊन आपलंच हाय, बाय," असं म्हणत त्यांनी बाटलीभर खाडीचं पाणी आणलं आणि गच्चीवर एका ताटलीत ओतलं. "यात तुझा राक्षस हाय. हात लावू नको." चार दिवसांनी ताटलीत पांढरे खडे चमकत होते. "खा आता त्याला," आजोबा म्हणाले. मी एक खडा जिभेवर ठेवला आणि तशीच एकटी बाथरूममध्ये जाऊन आले. आजोबा आता नाहीत. परवा माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट आणायला निघताना मी मिठाच्या बरणीतला एक खडा तोंडात टाकला आणि रस्त्याच्या उन्हाच्या बाजूने चालत गेले.