वर्लाची दहा फडकी

आमच्या गाडीचं इंजिन किती दिवसांनी उघडावं लागतं, असं दोरीपलीकडच्या प्रेक्षकांतलं कुणीतरी हमखास विचारतं. वर्ला गाडीखालूनच ओरडते, "दिवसांनी कसलं, चार सेकंदांनी!"

यात थट्टा नाही. आमची गाडी शर्यतीची. सरळ पट्ट्यावर दोन-दोन गाड्या शेजारी सुटतात, आणि नायट्रो नावाच्या जहाल इंधनावर चार सेकंद पळतात. तेवढ्यात इंजिन स्वतःला असं भाजून घेतं, की प्रत्येक धावेनंतर ते खोलून, बेअरिंग बदलून, जळके पिस्टन काढून पुन्हा बांधावं लागतं. तेही तासाभरात, आणि एका शनिवारात तीन-तीन वेळा. "अजून तेच इंजिन आहे," असं रॉयस छाती फुगवून सांगतो. त्यातलं जुनं काय उरलंय, ते त्यालाच ठाऊक.

रॉयस गाडी चालवतो. वर्ला त्याची थोरली बहीण, वय त्रेसष्ट. तिनं गावच्या शाळेत तीस वर्षं चारशे पोरांचा स्वयंपाक केला, आणि सुट्टीच्या दिवशी गेली बावीस वर्षं गाडीखाली उताणं पडून पिस्टन बसवते आहे. मी गाडी थांबवायचं पॅराशूट घडी करून भरतो. तिच्या मते मी कपड्यांच्या घड्या घालतो.

तिच्याकडे तेलाचे हात पुसायला दहा लाल फडकी असतात. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनात एक फडकं राहिलं, तेलाच्या वाटेत अडकलं, आणि इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढेच फुटलं. माणूस वाचला, पण वर्लानं ती आग पाहिली होती. तेव्हापासून इंजिन बांधून झालं की ती फडकी मोजते, गाडीसमोर उभी राहते आणि दोन्ही पंजे वर करते. दहा. रॉयस हेल्मेटातून मान डोलावतो, मगच इंजिन सुरू होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या ओहायोतल्या छोट्या ट्रॅकवर रॉयस बावीस वर्षांत पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला. सगळ्यांची धांदल उडाली होती, एकट्या वर्लाची सोडून. जळके पिस्टन मागायला दोरीशी गर्दी जमली होती. लोक ते घरी नेऊन कपाटावर मांडतात. वर्लानं पिवळ्या टोपीतल्या एका आजीबाईंना एक दिला आणि पुन्हा गाडीखाली सरकली.

पाऊण तासात इंजिन बांधून झालं. फडकी भरली नऊ.

तिनं पुन्हा मोजली, माझे खिसे उलटे केले, कचऱ्याचा डबा पालथा घातला. तरी नऊच. रॉयस पट्टे आवळून आत बसलेला. त्याचा मेहुणा मर्ल इंजिनाचा कर्ताधर्ता. तो वर्लाच्या कानाशी येऊन म्हणाला, "दहा दाखव आणि मोकळी हो. बाहेरच कुठेतरी पडलं असेल."

"आणि आत असलं तर?"

"अगं, फायनल आहे! परत कधी येणार?"

वर्ला गाडीसमोर गेली. तिनं पंजे वर केले. एक अंगठा दुमडलेला होता. रॉयसनं क्षणभर बघितलं, हेल्मेट काढलं आणि मुकाट्यानं खाली उतरला. मर्लनं पाना आपटला.

इंजिनाखालचा तेलाचा पॅन खोलायला घेतला तोवर समोरच्या गाडीचा लॉनी चार माणसं घेऊन हजर. आमचा प्रतिस्पर्धी, आणि हातात स्वतःचे पाने!

"एकट्यानं पळून जिंकायला मी दोनशे मैल आलो नाही. कुठून सुरू करू?"

"हात पूस आधी," वर्ला म्हणाली.

सगळं उघडलं. टॉर्च घेऊन कानाकोपरा पाहिला. फडकं नव्हतं. मर्लच्या तोंडात शिव्या मावत नव्हत्या. तेवढ्यात दोरीपाशी पिवळी टोपी हलली.

"बाई, हे तुमचंच ना? पिस्टन गरम होता म्हणून तुम्हीच यात गुंडाळून दिलात. नळावर धुऊन आणलंय."

काखेत कळसा म्हणावं तर कळसा वर्लानं स्वतःच गावाला वाटला होता. लॉनी इतका हसला, की त्याला चाकाला टेकून बसावं लागलं. वर्लाचा चेहरा फडक्याहून लाल झाला.

नऊ जणांनी मिळून इंजिन बांधलं. दोन्ही पंजे वर गेले, रॉयसनं मान डोलावली. आणि तो हरला. अगदी थोडक्यात, हातभर अंतरानं.

नंतर वर्ला ट्रकमागे बादलीवर बसून होती. "मीच घालवली," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. रॉयस सँडविच चावत आला.

"तू काही बोलला का नाहीस रे?" तिनं विचारलं. "एक बोट कमी दिसल्यावर लगेच उतरलास."

"बोट कमी होतं?"

"नऊ दाखवली मी!"

"मी कुठं मोजतो? हेल्मेटातून धड दिसत पण नाही. रोज तू हात वर करून हसतेस. आज हसली नाहीस, म्हणून उतरलो."

"म्हणजे बावीस वर्षं मी तिथे बुजगावण्यासारखी हात वर करून उभी राहते, आणि तू एकदाही मोजली नाहीस?"

"एकदाही नाही."

तिनं हातातलं ओलं फडकं त्याच्या तोंडावर फेकून मारलं. मग डोळे पुसत मला म्हणाली, "उचल ते. दहावं आहे."