टाकीवरचा ‘दारू’ शब्द

रेल्वेचं गेट पडलं की ड्रायव्हर मामाचा टँकर थांबायचा आणि तो लगेच खाली उतरायचा. बिडी पेटवणाऱ्यापुढे हात जोडायचा. “इझव रे बाबा. तुला जायचं तर एकटा जाय.”

तुम्हीही अशा टँकरमागे थांबला असाल. वास येतो, पण आत काय आहे ते कळत नाही. मामाच्या टाकीत कारखान्याचं स्पिरिट असायचं, कुणी पिऊ नये म्हणून विष कालवलेलं. वास मात्र दारूचा. मोटारसायकलवाले डोळे मिचकावत म्हणायचे, “मामा, गिलासभर सोडा की!”

“दारू न्हाई ही. पिलास तर बायको कोणती अन् म्हैस कोणती, दिसायचं न्हाई.”

लोक हसायचे. तोही हसायचा, पण बिडी विझेपर्यंत हलायचा नाही.

गेटाजवळच माझं पेंटिंगचं दुकान. पाट्या रंगवून मी घर उभं केलं; घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. त्यानं हरवलं. टाकीवर नियमाप्रमाणे ‘ज्वालाग्राही’ लिहिलेलं होतंच. तो म्हणाला, “पेंटर, हे वाचून आमच्या औशात कुणी बिडी टाकली का कधी? मी बोलतो तसं लिहून दे. अन् जोडाक्षरं कमी घाल, तू त्याचे जादा लावतोस.”

मी हातभर अक्षरांत लिहिलं : ‘ही दारू नाही. पिलास तर डोळे जातील, काडी ओढलीस तर सगळेच जाऊ.’

त्यानंतर गेटावर कुणी ग्लास मागितला नाही. लोक ते एकमेकांना वाचून दाखवायचे आणि मागे सरायचे.

मग सुरक्षा सप्ताह आला. गेटाशेजारी मंडप, हार, भाषणं. एका साहेबानं टँकर बाजूला घ्यायला लावला.

“टँकरवर ‘दारू’? कुणी फोटो काढला तर? पुसा ते.”

मी मध्ये पडलो. “साहेब, पुसायचं तर ते वरचं ‘ज्वालाग्राही’ पुसा. ते कुणालाच कळत नाही.”

“तो विहित शब्द आहे. तुमची अक्षरं सलूनवर रंगवा.”

मी अंगावर जाणार होतो. मामानंच माझी कॉलर धरली. “पेंटर, माझं लायसन जाईल.” माझ्याच ब्रशानं त्यानं माझ्या अक्षरांवर पांढरा रंग फासला. साहेबानं त्या पांढऱ्या पट्ट्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. तो माणूस आज समोर आला तरी माझा हात थांबणार नाही.

उन्हाळ्यात कंधारकडच्या वळणावर टँकर उलटला. मामा केबिनमध्ये चेमटून अडकला. गाव घागरी आणि कॅन घेऊन धावलं, पण टाकीकडे. मामा गेला. पिणारेही गेले.

वाचलेला एक जण सरकारी दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता. मी भांडायलाच गेलो होतो.

“ड्रायव्हर ओरडला नाही का रे?”

“वरडत व्हता की. आमाला वाटलं, मालकाचा माल राखून राहिला.” तो चाचपडत पाण्याचा तांब्या शोधत होता. “मंग गप झाला. तवा आमी निवांत भरून घेतलं.”