दार लावून म्हटलेलं 'आपण'

वाळूजच्या एका कारखान्याच्या वकिलानं मला फसवलं. कोर्टाच्या आवारात हिंडणारा काळा कोट नव्हे, कंपनीच्या पगारावर कंपनीच्याच एसीत बसणारा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेला.

मी मजूर पुरवणारा ठेकेदार. बजाजनगरातल्या एका खोलीत राहून आधी स्वतः पत्रा दाबणारी प्रेस मशीन चालवली, मग माणसं जमवली, मग लायसन्स काढलं. दर ठरवताना समोरचा नुसता खाकरला तरी मला कळतं, हा अजून किती खाली येईल. आणि मला हा माणूस एका शब्दात गुंडाळून गेला.

करमाडचा माझा एक मजूर त्यांच्या प्रेसवर होता. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर त्यांच्या मॅनेजरनं बंद करून ठेवला होता. माल भराभर निघावा म्हणून. मी त्याला जाऊन सांगितलं. तो हसला. त्याच आठवड्यात माझ्या माणसाचा उजवा पंजा गेला.

वकिलानं मला बोलावलं. दार लावलं, चहाचा कप स्वतःच्या हातानं पुढं केला.

"आपण आधी सगळं नीट समजून घेऊ. आपल्याला कामगार कार्यालयात उत्तर द्यायचंय. मनात काही ठेवू नका."

"सेन्सर बंद होता साहेब. मी मॅनेजरला सांगितलं होतं."

"लेखी?"

"आपसात लेखी कशाला?"

"बरोबर. आपसात कशाला," तो म्हणाला आणि बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

सुनावणीला तोच उभा राहिला. "आमचा सेन्सर चालू होता. ठेकेदारानं आम्हाला कधीही काही कळवलेलं नाही. मजूर त्यांचा, देखरेख त्यांची." बंद खोलीत आपण, अधिकाऱ्यासमोर आम्ही! मी उठून ओरडलो. अधिकारी म्हणाला, "बसा. लेखी काही आहे का?"

बाहेर जिन्यात मी त्याला अडवलं. "चहा पाजून आपण आपण करत होतास, लाज वाटती का?"

"काका, आवाज खाली. मी कंपनीचा वकील आहे. तुमचा आहे असं कधी म्हणालो?"

म्हणाला नव्हता, खरंय. एवढी कायद्याची पुस्तकं वाचून हा माणूस शिकला काय, तर सर्वनामं. शिफ्टला जाणारं कुणीही पोर तोंडावर शिवी देतं आणि मोकळं होतं; ह्याला तेवढीही हिंमत नाही.

खाली मजुराची बायको त्याला घेऊन उभी होती. नवऱ्याचा बांधलेला हात पदरानं झाकून म्हणाली, "मामा, तुमी तर म्हनायचे, कंपनी आपली हाय. मंग ह्यांचा हात कुनाच्या कामावर गेला?"

तिला उत्तर मी का द्यावं? वकिलानं द्यावं. पुढच्या तारखेला तिच्यासमोर उभं राहून सांगावं: दार लावून तू 'आपण' म्हणालास, तेव्हा त्या खोलीत मी आणि तू सोडून कोण होतं? आणि सेन्सर बंद होता हे तुला त्या चहाच्या वेळीच कळलं होतं की नाही? हो किंवा नाही. तेही त्या बाईच्या तोंडाकडं बघून.